प्रत्यारोपणानंतरच्या वर्षांचा हिशेब जाहीर व्हावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन साजरा होतो आणि त्याच्या आगेमागे आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांतून अवयवदानाविषयी भरभरून लिहिले जाते. अपघातात गेलेल्या मुलाच्या आईवडिलांनी त्या अवस्थेतही घेतलेला निर्णय, रुग्णवाहिकेसाठी पोलिसांनी मोकळा करून दिलेला रस्ता, एका शहरातून दुसऱ्या शहरात वेळेत पोहोचलेले हृदय आणि शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे डॉक्टरांचे निवेदन, हे सारे वाचताना मन भरून येते. अशा बातम्या येत राहिल्या पाहिजेत, कारण त्या वाचूनच अनेक घरांत या विषयावर पहिल्यांदा बोलणे होते. मात्र त्या बातमीच्या पुढचा भाग आपल्याकडे कुठेच वाचायला मिळत नाही. ते हृदय वर्षभराने कसे चालले आहे, ती किडनी पाच वर्षांनी काम करते आहे का, यकृताचा भाग देणारी बहीण आज कशी आहे, या प्रश्नांची उत्तरे सामान्य माणसाला सहज पाहता येतील अशी कोणतीही जागा महाराष्ट्रात नाही. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने आपले दीर्घकालीन निकाल आणि झालेल्या गुंतागुंती नोंदवाव्यात आणि राज्याने त्या नोंदी केंद्रनिहाय जाहीर कराव्यात, ही एकच मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही.

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माझ्या धाकट्या भावाला त्याच्या पत्नीने किडनी दिली, तेव्हापासून या विषयावरचे संशोधन जमेल तसे वाचत आले आहे, आणि वाचताना प्रत्येक टक्केवारीखाली किती माणसे मोजली गेली व किती मोजणीतून सुटली हे आधी पाहत आले आहे.

आपल्या देशात २०१३ साली वर्षाला पाच हजारांहून कमी प्रत्यारोपणे होत होती. २०२३ मध्ये ही संख्या १८,३७८ झाली. त्याच वर्षी मृत्यूनंतर अवयव देणारे दाते प्रथमच हजाराच्या पुढे गेले, १,०९९ झाले; तरीही दहा लाख लोकसंख्येमागे एक दाता एवढे प्रमाणही आपण गाठलेले नाही, आणि बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांकडून येतात. दुसऱ्याचा अवयव घेऊन जगणाऱ्या आणि आपला अवयव देऊन जगणाऱ्या माणसांची संख्या अशा रीतीने दरवर्षी हजारोंनी वाढते आहे. शस्त्रक्रियांचे आकडे आपण आनंदाने मोजतो. त्या माणसांचे पुढे काय झाले, हेही तितक्याच काळजीने मोजले पाहिजे.

निकाल मोजण्याने या शास्त्राला काय मिळाले, हे त्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचे पहिले प्रत्यारोपण माणसावर केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी कुत्र्यांवर शंभर प्रयोग करून त्यांचा प्राथमिक अहवाल १९६५ मध्येच प्रसिद्ध केला होता, म्हणजे परळमधले हे काम कोणाच्या मागे धावत केलेले नव्हते. तरीही तो रुग्ण काही तासांतच दगावला. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बसवली गेली आणि त्यांतले बहुतेक रुग्ण लवकर मरण पावले. हे मृत्यू लपवले गेले नाहीत, ते मोजले गेले, आणि म्हणूनच पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक केंद्रांनी हे काम थांबवले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. नॉर्मन शमवे यांनी मात्र संशोधन चालू ठेवले. शरीर नवे हृदय नाकारू लागले आहे हे लक्षणे दिसण्यापूर्वीच कळावे म्हणून हृदयाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याची पद्धत १९७३ च्या सुमारास तिथे रूढ झाली. आज हृदय बसवलेल्या माणसाला दहा-बारा वर्षांची आशा देता येते, ती त्या मोजलेल्या मृत्यूंच्या आधारावर.

किडनीच्या बाबतीत तर याहून नेमके उदाहरण आहे आणि वर्गात मी ते अनेकदा सांगत असे. लॉस एंजेलिसचे पॉल तेरासाकी आणि त्यांचे सहकारी पटेल यांनी १९६९ मध्ये २२५ किडनी प्रत्यारोपणांचा हिशेब मांडला. घेणाऱ्याच्या रक्तात दात्याच्या पेशींना मारणारी प्रतिपिंडे आधीपासून होती अशी ३० प्रत्यारोपणे त्यांत निघाली, आणि त्यांतल्या २४ किडन्या लगेच निकामी झालेल्या होत्या. अशी प्रतिपिंडे नसलेल्या १९५ प्रत्यारोपणांत लगेच निकामी झालेल्या किडन्या होत्या फक्त आठ. एवढ्या साध्या तक्त्यातून 'क्रॉसमॅच' ही तपासणी जगभर सक्तीची झाली. आज आपल्या कोणत्याही शहरात किडनीच्या रुग्णाचे नातेवाईक 'मॅच झाली का' असे विचारतात, तेव्हा त्या प्रश्नामागे अयशस्वी ठरलेल्या त्या ३२ किडन्यांची प्रामाणिक नोंद असते. अपयश कोणी लिहूनच ठेवले नसते, तर ही तपासणी कितीतरी उशिरा आली असती.

औषधांची कथाही अशीच आहे. शरीर परका अवयव नाकारते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि पहिल्या वर्षातले निकाल एकदम सुधारले. नंतर जपानच्या त्सुकुबा परिसरातल्या मातीतील जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले. आता आपल्याकडे बहुतेक रुग्ण त्यावरच असतात आणि 'लेव्हल', म्हणजे रक्तातले औषधाचे प्रमाण, 'किती आली' हा शब्दप्रयोग त्यांच्या घरात रोजचा झालेला असतो. डोस किती ठेवावा, यावर २००७ मध्ये १,६४५ रुग्णांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. टॅक्रोलिमसची मात्रा कमी ठेवून सोबत मायकोफेनोलेट हे त्याच प्रकारचे दुसरे औषध आणि स्टेरॉइड दिले तर वर्षभरानंतर किडनीचे काम अधिक चांगले राहते आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने अवयव नाकारणे, हेही कमी होते, असे त्यात दिसले. जास्त औषध म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज मोजणीपुढे टिकला नाही.

परंतु पहिल्या वर्षाच्या यशावर थांबणे धोक्याचे आहे. जिथे नोंदी नीट ठेवल्या जातात तिथे किडनी प्रत्यारोपणाचे वर्षभराचे यश आज ९० टक्क्यांच्या पुढे आहे आणि आपल्याकडच्या जाहिरातींतही असाच आकडा दिसतो. रुग्णाला मात्र दहाव्या वर्षाची चिंता असते. अमेरिकेतील नोंदींवरून २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मृत दात्याची किडनी साधारण किती वर्षे टिकते, याचा मध्यक (निम्म्या किडन्या जेवढा काळ चालतात तो) १९९५ ते १९९९ या काळात ८.२ वर्षे होता, तो २०१४ ते २०१७ या काळासाठी ११.७ वर्षे झाला. जिवंत दात्याच्या किडनीसाठी तो १२.१ वरून १९.२ वर्षांवर गेला. वाढ मोठी आहे. तरीही तिशीत किडनी बसवलेल्या माणसाला आयुष्यात पुन्हा एकदा डायलिसिसच्या दारात उभे राहावे लागण्याची शक्यता आहे, आणि ही गोष्ट त्याला शस्त्रक्रियेपूर्वी आकड्यांसह सांगितली गेली पाहिजे. जी औषधे अवयव वाचवतात, त्यांची किंमत शरीराच्या इतर भागांना मोजावी लागते. हृदय, फुप्फुस, यकृत यांसारखे किडनीव्यतिरिक्तचे अवयव बसवलेल्या ६९,३२१ अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात १६.५ टक्के रुग्णांच्या स्वतःच्या किडन्या पुढे गंभीररीत्या बिघडल्याचे २००३ मध्ये दिसून आले. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस यांमुळे नव्याने मधुमेह जडतो. काही कर्करोगांचे प्रमाण वाढते. हे सारे पहिल्या वर्षाच्या टक्केवारीत दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल की परदेशात एवढे संशोधन झाले आहे, तर आपण पुन्हा मोजायचे कशासाठी? याचे उत्तर क्षयरोगात आहे, आणि ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑस्ट्रेलियात किडनी बसवलेल्या गोऱ्या रुग्णांना दीर्घकाळात सर्वाधिक सतावणारी गोष्ट त्वचेचा कर्करोग ही आहे. वीस वर्षांत निम्म्याहून अधिक जणांना तो होतो. आपल्याकडे तो क्वचित आढळतो, पण आपल्यापैकी फार मोठ्या संख्येच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात आणि प्रतिकारशक्ती दाबली की ते जागे होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९८६ ते १९९९ या काळातल्या १,२५१ रुग्णांचा पाठपुरावा करून २००१ मध्ये लिहिले की त्यांतल्या १६६ जणांना, म्हणजे सुमारे १३ टक्के रुग्णांना, प्रत्यारोपणानंतर क्षय झाला. श्रीमंत देशांत हे प्रमाण याच्या जवळपासही जात नाही. पुढची अडचण अशी की क्षयावरचे हुकमी औषध रिफाम्पिसिन हे यकृतातील विकरांना (औषधे मोडून टाकणाऱ्या एन्झाइमना) चेतवते आणि टॅक्रोलिमस रक्तातून वेगाने नाहीसे होऊ लागते. क्षय बरा करायला जावे तर किडनी रिजेक्ट होण्याची भीती, आणि किडनी सांभाळायला जावे तर क्षयाचे उपचार लंगडे पडण्याची. काही डॉक्टर रिफाम्पिसिन टाळून लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांवर उपचार उभारतात, काही रिफाम्पिसिन देऊन टॅक्रोलिमसचा डोस कित्येक पट वाढवतात. प्रत्यारोपणाच्या वेळी प्रतिबंधक म्हणून इसोनियाझिड हे क्षयावरचे औषध द्यावे की नाही, यावरही सर्व केंद्रांचे एकमत नाही. या प्रश्नाचे उत्तर बोस्टनहून किंवा लंडनहून येणार नाही, कारण तिथे असे रुग्णच फारसे नाहीत. ते मुंबई, पुणे, नागपूर, अहमदाबाद, वेल्लोर, चंदीगड येथील रुग्णांच्या नोंदी एकत्र ठेवूनच मिळेल. वेल्लोरच्या डॉक्टरांनी इतक्या वर्षांपूर्वी तेरा वर्षांचा पाठपुरावा करून दाखवला, ही अभिमानाची गोष्ट आहे. राज्यातल्या सर्व केंद्रांचा मिळून असा हिशेब आपल्यापुढे नाही, याचे दुःखही तेवढेच आहे.

आपल्याकडे असे काम होऊ शकत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. करोनाच्या काळात १३ भारतीय प्रत्यारोपण केंद्रांनी एकत्र येऊन किडनी बसवलेल्या २५० करोनाग्रस्त रुग्णांची माहिती गोळा केली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतले ११.६ टक्के रुग्ण दगावले होते. वॉर्ड भरलेले असताना, डॉक्टर स्वतः आजारी पडत असताना हे जमले, तर शांततेच्या काळात का जमू नये?

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लेखणी उचलली, तिच्याकडे येते. आपल्याकडे एखादे रुग्णालय 'पाच वर्षांचे यश ९० टक्के' असे सांगते, तेव्हा ते ९० टक्के कशाचे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. समजा, एका केंद्राने शंभर जणांना किडन्या बसवल्या. पाच वर्षांनंतर त्यांतले ६० जण तपासणीला येत आहेत आणि त्या ६० पैकी ५४ जणांच्या किडन्या चालू आहेत. ५४ भागिले ६० म्हणजे ९० टक्के. उरलेल्या ४० जणांचे काय झाले, हे केंद्राला ठाऊक नाही. ते सगळे ठणठणीत असतील तर खरे यश ९४ टक्के, आणि त्या सगळ्यांच्या किडन्या गेल्या असतील तर ५४ टक्के. खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ते कुठे आहे हे सांगण्याचा कोणताही मार्ग त्या आकड्यात नाही. अशा अपुऱ्या माहितीतून आयुर्मान काढण्यासाठी कॅपलान आणि मायर यांनी १९५८ मध्ये दिलेली पद्धत जगभर वापरली जाते आणि ती उत्तम आहे, परंतु ती एका गृहीतकावर उभी आहे: जे रुग्ण पाठपुराव्यातून सुटले, त्यांचे भवितव्य राहिलेल्या रुग्णांसारखेच असावे. वर्गात हे गृहीतक फळ्यावर लिहिताना मला कधी अवघड वाटले नाही. प्रत्यारोपण झालेल्या माणसांची घरे पाहिल्यावर मात्र ते आपल्याकडे टिकत नाही, हे पटले.

कारण तपासणीला येणे कोण बंद करतो? ज्याला गडचिरोलीहून नागपूरला किंवा माणदेशातून पुण्याला येण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी झेपत नाही तो. ज्याची औषधे परवडेनाशी झाली, म्हणून ज्याने दिवसाआड गोळ्या घ्यायला सुरुवात केली आणि डॉक्टर रागावतील म्हणून जाणे टाळले तो. ज्याच्या गावी क्षयाचे निदान झाले आणि ज्याच्यावर टॅक्रोलिमसचा विचार न करता उपचार सुरू झाले तो. जो गावीच वारला आणि ज्याच्या घरच्यांना रुग्णालयाला कळवावे असे सुचले नाही तो. सुटलेली माणसे राहिलेल्या माणसांसारखी नसतात. ती अधिक गरीब असतात, अधिक दूरची असतात, अधिक आजारी असतात. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी रुग्णालयाला चांगली दिसते आणि नव्या रुग्णाची दिशाभूल करते. हे कोणी मुद्दाम करते, असा माझा आरोप नाही. नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नसली की हेच घडते.

या सुटण्यामागे औषधांचा खर्च हे मोठे कारण आहे, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला, तो स्वागतार्ह आहे. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना या औषधांसाठी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. परंतु शस्त्रक्रिया एकदाच होते आणि गोळ्या जन्मभर लागतात. अमेरिकेत सरकारी विमा अनेक रुग्णांना ही औषधे प्रत्यारोपणानंतर फक्त ३६ महिने देत असे. मुदत संपल्यावर किडन्या जातात आणि सरकारला पुन्हा डायलिसिसचा अधिक खर्च करावा लागतो, हे नोंदींच्या आधारे वर्षानुवर्षे मांडले गेले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि जानेवारी २०२३ पासून ज्यांना दुसरा विमा नाही त्यांना ही औषधे मुदतीविना मिळू लागली. आपल्याकडे तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी पैशाअभावी गोळ्या सोडणारे किती आणि त्यांतल्या किती जणांच्या किडन्या गेल्या, हे कोणी मोजलेलेच नसेल तर मंत्रालयात कोणता कागद ठेवून मदत वाढवून मागायची?

कायद्याने ही वाट आधीच आखून दिली आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ च्या दुरुस्तीने त्यात कलम १३ ड आले. दाते आणि प्राप्तकर्ते यांची राष्ट्रीय नोंदवही केंद्र सरकारने ठेवावी आणि तिच्यातून या उपचारांच्या वैज्ञानिक व वैद्यकीय स्थितीचे सतत मूल्यमापन व्हावे, असे ते कलम सांगते. २०२४ मध्ये प्रत्येक दात्याला व प्राप्तकर्त्याला राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेचा (नोटो) स्वतंत्र क्रमांक देण्याचे आदेशही निघाले. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय समन्वय समित्या आहेत, केईएम रुग्णालयात प्रादेशिक संस्था आहे, आणि या मंडळींनी प्रतीक्षा यादी व अवयववाटप यांत शिस्त आणण्याचे मोठे काम केले आहे. क्रमांक आहे, संस्था आहे, कायदा आहे. वर्षाला एकदा त्या क्रमांकापुढे 'जिवंत आहे का, अवयव चालू आहे का, मधल्या काळात काय झाले' एवढे भरून घेऊन ते लोकांपुढे ठेवणे बाकी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांची मिळून अशी नोंदवही १९७७ पासून चालू आहे. अमेरिकेत प्रत्येक केंद्राचे निकाल दर सहा महिन्यांनी सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध होतात.

यात एक धोका आहे आणि तो मांडणे माझे कर्तव्य आहे. निकाल जाहीर करून त्यांच्या आधारे केंद्रांना शिक्षा करायला लागले की केंद्रे अवघड रुग्णांना हात लावायला कचरतात. अमेरिकेत हे घडले. २००७ पासून निकाल घसरलेल्या केंद्रांची सरकारी मान्यता अडचणीत येऊ लागली, तेव्हा वयस्क, मधुमेही, हृदयविकार असलेले रुग्ण आणि थोड्या कमी प्रतीचे अवयव नाकारले जाऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि २०१९ मध्ये मान्यतेच्या नूतनीकरणासाठीची ती अट काढून टाकावी लागली. म्हणून आपल्याकडे निकाल जाहीर करताना रुग्णांचे वय, आधीचे आजार, डायलिसिसवर काढलेली वर्षे आणि मिळालेल्या अवयवाची प्रत यांचा हिशेब धरूनच तुलना व्हावी. दहावीच्या निकालासारखी रुग्णालयांची क्रमवारी लावली जाऊ नये. आणि प्रत्येक तक्त्याच्या अगदी वर, ठळक अक्षरांत, किती रुग्णांचा संपर्क तुटला आहे तो आकडा असावा. माझ्या मते केंद्राच्या गुणवत्तेचा पहिला पुरावा तोच आहे, कारण जे केंद्र आपल्या गडचिरोलीच्या रुग्णाला आठव्या वर्षीही फोन करून विचारते, ते त्याची लेव्हलही पाहत असते.

या साऱ्यात ज्यांचा उल्लेख सर्वांत कमी होतो, त्या दात्यांविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र मला पुरे करता येणार नाही. २०२३ मध्ये देशातल्या जिवंत दात्यांत सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. पत्नी आणि आई यांचा त्यांत मोठा वाटा असतो. अवयव मिळणाऱ्यांत मात्र बहुसंख्य पुरुष आहेत. किडनी देणे हे धोक्याचे काम आहे असे मी म्हणत नाही. अमेरिकेतील १९९३ ते २०२२ या काळातल्या १,६४,५९३ दात्यांच्या नोंदी सांगतात की शस्त्रक्रियेनंतरच्या नव्वद दिवसांत मृत्यू होण्याचे प्रमाण अलीकडच्या दशकात दहा हजारांत एकाहूनही कमी झाले आहे. दीर्घकाळातला धोकाही लहान आहे, पण तो शून्य नाही. ९६,२१७ दात्यांच्या अभ्यासात, पंधरा वर्षांत किडन्या पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण दात्यांमध्ये दहा हजारांत ३०.८ होते आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत ३.९ होते, असे २०१४ मध्ये दिसले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किडनी दिल्यानंतर गरोदर राहिलेल्या स्त्रियांपैकी ११ टक्के जणींना गरोदरपणात रक्तदाबाचा किंवा त्यातून होणारा गंभीर त्रास झाला. इतर स्त्रियांत हे प्रमाण ५ टक्के होते. हे आकडे ज्या समाजांतले आहेत तिथे दात्याची वर्षानुवर्षे तपासणी होते, गरोदरपणात रक्तदाब वेळेवर पाहिला जातो आणि मधुमेहाचे प्रमाण, आहार, पाणी, उन्हातले कष्ट हे सारे आपल्यापेक्षा वेगळे आहे. मराठवाड्यातल्या उसाच्या फडात किंवा विदर्भातल्या शेतात एका किडनीवर राबणाऱ्या आईचा धोका त्यांत मोजलेला नाही. यकृताचा उजवा भाग देण्यातला धोका तर किडनी देण्याहून कितीतरी जास्त आहे.

माझ्या भावजयीने किडनी दिली तेव्हा तिच्या सर्व तपासण्या बारकाईने झाल्या, शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि त्या डॉक्टरांचे आमच्या घरावर उपकार आहेत. भाऊ तपासणीला जातो तेव्हा ती सोबत जाते, बाहेरच्या बाकावर बसते आणि त्याचे रिपोर्ट हातात घेऊन परत येते. तिचा स्वतःचा रक्तदाब त्या रुग्णालयाने पहिल्या काही महिन्यांनंतर पुन्हा कधी पाहिला नाही. रुग्णालयाची नियत वाईट नव्हती. दात्याच्या पाठपुराव्याचा रकानाच तिथे नव्हता.

म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाकडे माझी विनंती आहे की या कामाची सुरुवात दात्यांपासून व्हावी, कारण ते सर्वांत सोपे आहे. जिवंत दात्याला वर्षातून एकदा आपल्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब, किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनीन आणि लघवीतील प्रथिने या तपासण्या मोफत करून मिळाव्यात, आणि त्यांचे आकडे त्या दात्याच्या राष्ट्रीय क्रमांकापुढे नोंदवून केईएममधील प्रादेशिक संस्थेकडे जावेत. प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला परवाना नव्याने देताना, मागील पाच वर्षांत किती दाते आणि किती रुग्ण अजून संपर्कात आहेत याचा तक्ता मागितला जावा. नावे गुप्त राहावीत, आकडे मात्र मराठीत आणि सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. रुग्णांमध्ये क्षय, बुरशीचे व विषाणूंचे संसर्ग, नव्याने जडलेला मधुमेह आणि औषधे बंद करण्याचे कारण एवढ्या बाबी पहिल्या टप्प्यात आल्या तरी पुरे. यासाठी डॉक्टरांवर आणखी ओझे टाकू नये. प्रत्येक केंद्रात एक नोंद-सहायक नेमावा आणि त्याचा पगार राज्याने द्यावा. असे काम मनापासून करतील अशी संख्याशास्त्राची पदवी घेतलेली मुले-मुली आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांतल्या कितीतरी मी स्वतः शिकवल्या आहेत.

आरोग्य विभागाने याबाबतची आपली भूमिका आणि कलम १३ ड नुसार राज्यातून आजवर कोणती माहिती पाठवली गेली याचा तपशील आपल्या दैनिकातून जाहीर करावा, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा